आधी फाईल, मग फटफटी

परदेशात मोटरसायकल चालवायची हौस आली की माणूस पहिला जातो तो शोरूममध्ये. जाऊ नका. घरी बसा, पाकिटातून ड्रायव्हिंग लायसन्स काढा आणि त्यावर गाडीचा प्रकार काय लिहिलाय ते वाचा. 'एमसीडब्ल्यूजी' आहे का? म्हणजे गिअरची मोटरसायकल. आमच्याकडे पुष्कळांच्या लायसन्सवर नुसतं 'एलएमव्ही' असतं, म्हणजे कार. काहींनी कॉलेजात असताना बिनगिअरच्या स्कूटरवर काढलेलं असतं आणि पुढे खुशाल बुलेट चालवत असतात. इंदुरात चौकात कोणी विचारत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं खपून जातं. परदेशात पोलिसाने विचारलं नाही तरी विमा कंपनी विचारते, आणि तेही तुम्ही हॉस्पिटलच्या खाटेवर असताना.

मी लोकमान्य नगरात राहते. लोकांचे हिशेब आणि टॅक्सची रिटर्न्स हा माझा धंदा, म्हणजे कागदांवरच पोट. पन्नाशी ओलांडल्यावर आधी स्वतःची हिमालयन मोटरसायकल घेऊन नेपाळात मुक्तिनाथपर्यंत गेले आणि मग भाड्याच्या गाडीवर उत्तर थायलंड फिरून आले. तेव्हापासून भाच्याची मित्रमंडळी रविवारी पोह्यांच्या वेळेला येऊन बसतात, "आत्या, कुठून सुरुवात करायची?" त्यांना गाडी कोणती, सायलेन्सर कोणता, कॅमेरा कोणता हे ऐकायचं असतं. मी त्यांना सांगते की पहिल्या टूरचा देश नकाशा बघून नाही, कागद बघून ठरवा.

देश कसा निवडायचा

लायसन्स ठीक असेल तर पुढचा कागद आंतरराष्ट्रीय परवाना, आयडीपी. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. आपलं इंदूरकरांचं काम नायता मुंडल्याच्या आरटीओत. परवान्यावर मोटरसायकलच्या रकान्यात शिक्का पडलाय ना, हे खिडकीवरून हलायच्या आधी बघा. कारचा शिक्का आहे आणि मोटरसायकलचा नाही, असा परवाना घेऊन विमानात बसण्यात अर्थ नाही.

हा परवाना सगळीकडे चालतो असा समज आहे, तो सोडा. रस्ता वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय करार दोन आहेत: १९४९ चा जिनिव्हाचा आणि १९६८ चा व्हिएन्नाचा. भारताचा परवाना १९४९ च्या करारानुसार निघतो. थायलंड, मलेशिया, जपान तो मानतात. व्हिएतनाम फक्त १९६८ चा मानतो. तिथल्या 'हा झांग' या डोंगराळ भागाचे फोटो बघून आपली पोरं व्हिएतनामला जातात, पासपोर्टची झेरॉक्स देऊन गाडी मिळते, चालवतात आणि हसत परत येतात. हसत येतात कारण काही झालेलं नसतं. झालं असतं तर तिथल्या कायद्याच्या लेखी तो बिनलायसन्सचा चालक, आणि बिनलायसन्सच्या चालकाला प्रवासविमा छदाम देत नाही. श्रीलंका आपला परवाना बघते, पण वर त्यांची स्थानिक मान्यता घ्यावी लागते. ती आधी घ्या, गाडी नंतर.

दुसरी चाळणी म्हणजे रस्त्याची बाजू. नेपाळ, भूतान, श्रीलंका, थायलंड, मलेशिया, जपान ही सगळी आपल्यासारखी डावीकडून चालणारी. व्हिएतनाम, किर्गिझस्तान, जवळजवळ सगळा युरोप उजवीकडून. उजवीकडून चालवणं दोन दिवसांत जमतं असं लोक सांगतात, आणि मोकळ्या रस्त्यावर जमतंही. पण सकाळी पेट्रोल भरून पंपातून बाहेर पडताना, रस्ता रिकामा असताना, हात आपोआप डावीकडे वळतो. पहिल्या टूरला अनोळखी देश, अनोळखी गाडी, अनोळखी पाट्या एवढं पुरे.

तिसरा प्रश्न स्वतःची गाडी न्यायची की तिथे भाड्याने घ्यायची. इंदूर ते लंडन असं टी-शर्टवर छापायला छान दिसतं, पण आज रस्त्याने बाहेर पडायचं कुठून? अटारीचं दार बंद, मणिपूरच्या मोरेहपलीकडे म्यानमारमध्ये २०२१ पासून अशांतता, आणि नेपाळमार्गे चीनमध्ये शिरायचं तर त्यांचा गाईड, त्यांची तात्पुरती नंबर प्लेट आणि त्यांचं लायसन्स, सगळ्याचा खर्च आपला. राहतो समुद्र. न्हावा शेवाहून गाडी जहाजात चढवायची तर बहुतेक वाटांवर 'कार्ने' लागतं, ही गाडीची कस्टमची वही. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ती देते, मुदत एक वर्ष. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. एक देशात शिरताना कस्टमवाले फाडून घेतात, एक बाहेर पडताना, तिसरा वहीत राहतो आणि त्यावर दोन्ही शिक्के हवेत. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर त्या देशाच्या लेखी तुम्ही गाडी तिथेच विकलीत, आणि आयात शुल्काची मागणी तुम्ही वहीसाठी ठेवलेल्या अनामतीवर येते. अनामत गाडीच्या किमतीवर आणि तुम्ही जाणार त्या देशांवर ठरते, आणि काही देशांपायी ती गाडीच्या किमतीच्याही वर जाते. युरोपात शिरताना सीमेवर वेगळा विमा घ्यायचा, कारण त्यांच्या विम्याच्या ग्रीन कार्ड पद्धतीत भारत नाही. गाडीच्या मागे 'आयएनडी' अक्षरांचं लंबगोल स्टिकर. हे सगळं करणारे इंदुरातही आहेत आणि मला त्यांचं कौतुक आहे. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. सहा महिने फाईल सांभाळण्यात जातात आणि गाडी चालवायची उमेदच आटते.

म्हणून मी सुचवते ते असं: आधी स्वतःच्या गाडीवर नेपाळ, मग भाड्याच्या गाडीवर थायलंड. पहिल्यात सीमा ओलांडायची सवय होते, दुसऱ्यात परक्या गाडीची.

घरच्या घाटात

त्याआधी इंदूरच्या आसपास अंग तयार करा. महूवरून जाम गेट, तिथून घाट उतरून मंडलेश्वर, महेश्वर आणि परत, हा आमचा सगळ्यांचा रविवारचा रस्ता. तो पोह्यांसाठी जाता तसा नाही, पूर्ण सामान लादून करा. कपडे, हत्यारं, पाणी, सगळं. रिकाम्या गाडीचा ब्रेक आणि लादलेल्या गाडीचा ब्रेक यांत फार फरक असतो आणि तो जाम गेटच्या उतारावर कळलेला बरा. पावसाळ्यात तिथे धुकं असं भरतं की पुढच्या गाडीचा दिवाच काय तो दिसतो. तेव्हा एकदा मुद्दाम जा, हळू. मग शनिवार-रविवारात पचमढी, जाऊन-येऊन आठशेच्या आसपास किलोमीटर. सोमवारी ऑफिसात खुर्चीवर बसता येतंय का ते बघा. नसेल येत तर सीट, हँडलची उंची, बसण्याची पद्धत, काहीतरी बदलायला हवंय.

पडलेली गाडी उचलायला शिका, आणि हे वाचून शिकता येत नाही. मी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जुनी गादी अंथरून हिमालयन आडवी केली. जवळपास दोनशे किलोचं धूड. वॉचमनभैया धावत आले, "दीदी, हटिए, मैं उठाता हूँ." त्यांना म्हटलं, भैया, नेपाळात तुम्ही नसणार. पद्धत अशी: इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच खाली करून ठेवा, म्हणजे उभी झाल्यावर पलीकडे कलंडणार नाही. डाव्या अंगावर असेल तर स्टँड नंतर. हँडल खालच्या बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे खालची मूठ टाकीजवळ येते. आता गाडीकडे पाठ करा, कुल्ले सीटच्या कडेला टेकवा, एका हाताने ती मूठ, दुसऱ्याने मागचा दांडा किंवा फ्रेम घट्ट धरा. पाठ ताठ ठेवून छोटी छोटी पावलं मागे टाकत जा. जोर मांड्यांचा, कंबरेचा नाही. पहिली वीतभर जड जाते, अर्ध्यावर आली की गाडी स्वतःच उठते. वॉचमनभैयांनी नंतर स्वतः करून बघितलं.

हे जमत नसेल तर हलकी गाडी घ्या. त्यात कमीपणा काही नाही. एक्सपल्ससारखी १६० किलोच्या आसपासची गाडी डोंगरात आरामात जाते. चारशे-पाचशे सीसीचा सोस नेपाळच्या चिखलात पहिल्याच दिवशी उतरतो.

मेकॅनिककडे दोन-चार शनिवार नुसते बसून घालवा. पंक्चर काढणं, चेन ताणणं आणि तेल घालणं, क्लच केबल बदलणं, फ्यूज ओळखणं, एवढं हाताने आलं की पुरे. स्वतःच्या गाडीसोबत क्लच केबल, ब्रेक आणि क्लचचे लिव्हर, ट्यूब किंवा प्लग किट, फ्यूज आणि थोडी तार न्या. इंजिन उघडायची वेळ आली तर ते काम तुमचं नाहीच.

नेपाळ

इंदूरहून गुना, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर, सुनौली. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या. नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका, आणि दर वेळी कोणीतरी ते घेऊनच जातं. सीमेवर गाडीसाठी 'भन्सार', म्हणजे तिथल्या कस्टमचा कर, भरायचा. तो दिवसांच्या हिशेबाने असतो, म्हणून लागतील असं वाटतं त्यापेक्षा दोन दिवस जास्तीचे भरा. डोंगरात दरड पडली की दिवस आपल्या हातात राहत नाहीत. पावती प्लास्टिकच्या पाकिटात आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये.

विम्याचं एक काम निघण्याआधी इथेच करायचं असतं. आपली मोटार पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपर्यंत ती वाढवून मिळते, थोडा जास्तीचा प्रीमियम भरून. एजंटाला 'जिऑग्राफिकल एक्स्टेन्शन' हवंय एवढं सांगा. पुष्कळ एजंट "त्याची गरज नाही" म्हणतात. ठीक आहे, तसं लिहून द्या म्हणावं. मग देतात वाढवून.

पोखरापर्यंत रस्ता ओळखीचा वाटतो. खरी परीक्षा बेनीच्या पुढे, तातोपानी, घासा, मार्फा, जोमसोम. दगड, चिखल, मधेच डांबर, मधेच ओढा. इथे दिवसाला शंभर किलोमीटर झाले तर खूप झाले. जोमसोमच्या अलीकडे-पलीकडे सकाळी दहा-अकरानंतर काली गंडकीच्या खोऱ्यात दक्षिणेकडून वारा सुटतो, रोज, ठरल्यासारखा. वर जाताना तो पाठीवर असतो म्हणून जाणवत नाही. परतीच्या दिवशी तोच छातीवर येतो, वाळू घेऊन, आणि उभ्या गाडीलाही ढकलतो. म्हणून तिथे पहाटे निघायचं आणि जेवणाच्या आत मुक्काम गाठायचा. मुक्तिनाथ साधारण ३,७०० मीटरवर आहे. तातोपानीहून एका दमात वर चढू नका. मार्फा किंवा जोमसोमला एक रात्र काढा, दर्शन करून त्याच दिवशी खाली या. डोकं दुखायला लागलं आणि थांबेना तर औषध शोधत बसू नका, खाली उतरा.

थायलंड

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ धरा. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तरेकडे शेतं आणि रान जाळतात, धुराने डोंगर दिसत नाही आणि घसा धरतो. भारतीयांसाठी व्हिसाचे नियम अलीकडे बदलत राहिलेत, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या साइटवर बघा, मित्राच्या सांगण्यावर नको. आगमनाचं डिजिटल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं.

तळ चियांग माई. तिथून माए हाँग सोनची फेरी: साधारण ६०० किलोमीटर आणि म्हणे १,८६४ वळणं. मी मोजली नाहीत, पण पाई गावापर्यंतच्या रस्त्यावर पोट सांगतं की आकडा खरा असेल. चियांग माई ते पाई सव्वाशे-दीडशे किलोमीटर, आणि पहिल्या दिवशी तेवढंच करा. मग माए हाँग सोन, मग माए सारियांग, मग होत गावावरून परत. वेळ असेल तर चोम थोंगहून दोई इन्थानोनला चढा, थायलंडचं सगळ्यात उंच टोक, २,५६५ मीटर. पहाटे तिथे इंदूरच्या जानेवारीपेक्षा जास्त कुडकुडायला होतं. टूर लांबवायची असेल तर पुढे चियांग राय आणि नानच्या डोंगरांकडे जा. माझ्या मते नानचे रस्ते पाईपेक्षा सरस आहेत आणि गर्दी अगदी कमी.

दिवस आखताना गूगल जेवढे तास सांगतं त्याच्या दीडपट धरा. घाटात दोनशे किलोमीटरच्या वर एकही दिवस नको, आणि दर तीन दिवसांनी एक दिवस गाडीला हात लावायचा नाही. ही आखणी बघून पोरं नाक मुरडतात. "आत्या, आम्ही दिवसाला सहाशे मारतो." मारत असतील आग्रा-मुंबई रस्त्यावर.

गाडी तीनशे सीसीच्या आसपासची, गिअरची घ्या. ऑटोमॅटिक स्कूटर स्वस्त मिळते, पण लांब उतारावर इंजिनचा ब्रेक जवळजवळ मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि मग लागेनासे होतात. पाईच्या बाजारात गुडघ्याला पट्ट्या बांधलेले परदेशी पोरगे दिसतात, ते बहुधा याच उतारावरून आलेले असतात. हेल्मेट आणि हातमोजे घरचे न्या, दुकानातलं हेल्मेट कितव्या डोक्यावरचं आहे कोण जाणे.

प्रवासविमा घेताना पॉलिसीत काय मिळतं हे वाचू नका. काय मिळत नाही, तो भाग वाचा. तिथे दुचाकीबद्दल वाक्य असतंच: अमुक सीसीच्या वर नाही, वैध परवाना नसेल तर नाही, साहसी खेळांचा जोड घेतला नसेल तर नाही. समजलं नाही तर कंपनीला ईमेल करा, गाडीची सीसी लिहून, आणि उत्तर लेखीच घ्या. फोनवरच्या "हो मॅडम, कव्हर आहे" ला किंमत शून्य. तिथल्या भाड्याच्या गाडीवर जो सक्तीचा विमा असतो तो माणसांच्या इजेपुरता, आणि तोही तुटपुंजा. गाडीचं नुकसान तुमच्याच खिशातून. ॲम्ब्युलन्सचा नंबर १६६९, पर्यटक पोलिसांचा ११५५. दोन्ही मोबाइलमध्ये नाही, हेल्मेटच्या आत चिठ्ठीवर.

पैशांचे चार रकाने करा: तिकीट-विमा, गाडी-पेट्रोल, राहणं-खाणं, आणि चौथा 'काही झालं तर'. चौथ्यात हॉस्पिटलची अनामत, गाडीची भरपाई आणि बदललेलं तिकीट एवढं मावायला हवं. तो वेगळ्या कार्डावर ठेवा आणि सराफ्यातल्या सोन्यासारखा विसरून जा. कार्डाचं मशीन "रुपयांत की बाटमध्ये?" असं विचारतं, तेव्हा बाट म्हणा, रुपयांचा दर नेहमी महागातला असतो.

सामान पंधरा किलोच्या आत. रेनकोट वर, हत्यारं खाली, औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह. शेव न्याच, इंदूरचा माणूस तिच्याशिवाय आठवड्यात चिडचिडा होतो. शाकाहारी असाल तर तिथे 'जे' म्हणून सांगा. माशाचा सॉस जातोच, वर कांदा-लसूणही बाद होतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय होते.

एकटं जावं का? आई मला म्हणाली होती, "अगं, कोणी सोबत तरी घे." घेतली, एक मैत्रीण. दोघं उत्तम. आठ जणांचा जथा पहिल्या टूरला नको, निम्मा दिवस कोण कुठे राहिलं ते शोधण्यात जातो. घरी एवढंच ठरवून जा की मुक्कामी पोचल्यावर एक मेसेज, आणि रात्री नऊपर्यंत तो आला नाही तर कोणी कोणाला फोन करायचा.

गाडी घेताना मूळ पासपोर्ट अनामत म्हणून ठेवू नका. मागतात. रोख अनामत देते म्हणा, झेरॉक्स देते म्हणा, ऐकत नसेल तर शेजारचं दुकान बघा, चियांग माईत दुकानांना तोटा नाही. दुकानदारासमोर गाडीचा व्हिडिओ काढा: दोन्ही बाजू, टायरची नक्षी, आरसे, सायलेन्सरच्या खालची बाजू, किलोमीटरचा आकडा, पेट्रोलचा काटा. जुना ओरखडा दिसला की बोट ठेवून मोठ्याने सांगा, म्हणजे व्हिडिओत आवाजही येतो. परत देताना पेट्रोल तेवढंच भरा, गाडी धुऊन न्या, चिखलाखाली ओरखडे शोधायची संधी कोणाला देऊ नका. आणि परतीचं विमान त्याच दिवशीचं ठेवू नका. अनामतीवरून वाद झालाच तर घाईत असलेला माणूस हरतो, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं.